आकाशाला काय काय येतं

माझ्या आत्याने आयुष्यभर एका यंत्राला हुकूम सोडले आणि त्या यंत्राने ते मुकाट ऐकले. घरातल्या दुसऱ्या कोणाबद्दल असे म्हणता येत नाही. माझ्याबद्दल तर मुळीच नाही.

ते यंत्र म्हणजे आमच्या तारांगणाचा प्रक्षेपक. घुमटाच्या मधोमध उभा, काळा, दोन टोकांना दोन गोल आणि मध्ये बारीक कंबर. त्याला सगळे ‘मुंगळा’ म्हणतात. त्याच्या गोलांतल्या छिद्रांतून तारे घुमटावर पडतात. त्याला चालवणारा प्रोग्राम आत्याने एकटीने लिहिला होता. मी भौतिकशास्त्र शिकून तिथेच व्याख्याता झालो, तेव्हा ती काचेमागे बसून आकाश फिरवत असे आणि मी अंधारात त्या आकाशाबद्दल बोलत असे.

निवृत्तीनंतर तिला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले. शब्द सावरले नाहीत. ऐकलेले तिला सगळे कळते, विनोदही कळतो, पण वस्तूचे नाव घ्यायला गेली की ते सापडत नाही. कप समोर असतो, कपाचे काय करायचे हे ठाऊक असते, फक्त ‘कप’ येत नाही. त्याऐवजी ‘ते हे’ येते. चष्मा ते हे, खिडकी ते हे, आणि मीही ते हे. वाचा-उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येऊन तिला चित्रे दाखवतात. मी प्रगतीचा आलेख काढून पाहिला होता. तो सपाट होता. तो तिला दाखवण्याचा मूर्खपणा मी केला नाही.

अशात तारांगणाचा जुना संगणक कायमचा मिटला. त्याच्या डिस्कबरोबर आत्याने लिहिलेला मूळ मजकूरही गेला. उरली ती प्रोग्रामची यंत्राला कळणारी, भाषांतरित झालेली प्रत. ती नव्या संगणकावर चढली, पण ज्या पडद्यावर सगळी बटणे होती तो पडदा काही तिथे उघडेना.

संचालक नवे होते आणि वाईट नव्हते. “सर, भावना समजतात,” ते मला म्हणाले, “पण घुमटाच्या मधोमध बंद यंत्र उभं करून मी काय करू? शनिवारी मला एक अख्खी संध्याकाळ दाखवा. सूर्य मावळला पाहिजे, तारे आले पाहिजेत, नव्या संगणकावरून. जमलं तर मुंगळा राहील. नाही तर सोमवारी माणसं येऊन उचलतील.”

हे मी आत्याला सांगितले. ती उठली, पायात चपला सरकवल्या आणि दाराशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली, जणू गाडी खाली उभी आहे.

माझी बायको एका रुग्णालयासाठी प्रोग्राम लिहिते. तिने रजा टाकली आणि आम्ही तिघे भर दुपारी घुमटाखाली जाऊन बसलो. आत्याला तिच्या जुन्या खुर्चीत बसवले. खुर्चीची उंची कोणीतरी बदलली होती. ती तिने आधी पूर्ववत करून घेतली.

“बटणं नाहीत, मूळ मजकूर नाही, टिपा नाहीत,” मी म्हणालो. “म्हणजे आत काय आहे ते कळायचा मार्गच नाही.”

“आहे. विचारायचं.”

“कोणाला?”

“त्यालाच.” बायकोने पडद्याकडे बोट केले. “आत्यांनी आत एक वस्तू केली आहे, तिचं नाव ‘आकाश’. एरवी काय होतं, तिला कोणती कामं येतात हे आपल्याला आधी ठाऊक असावं लागतं, मगच आपण ती सांगू शकतो. पण प्रोग्राम चालू असताना त्या वस्तूलाच विचारता येतं, बाई गं, तुला काय काय येतं? ती नावं सांगते. प्रत्येक कामाला काय पुरवावं लागतं तेही सांगते. मग त्यातलं एक नाव उचलायचं आणि म्हणायचं, हे कर. याला रिफ्लेक्शन म्हणतात.”

“आणि ती खरं सांगते कशावरून?”

आत्याच्या नाकातून आवाज आला. हसताना तिला शब्द लागत नाहीत.

“खोटं सांगत नाही,” बायको म्हणाली, “पण विचारलं तेवढंच सांगते. तुझ्यासारखी नाही, विचारलं नसताना बोलणारी.”

तिने विचारले. पडद्यावर नावे उतरली. बाहेरच्या बटणांवर आत्याने ‘पश्चिम क्षितिज मंदन’ अशी सरकारी भाषा वापरली होती. आतली नावे निराळीच होती. दिवा लाव. सूर्य मावळव. चंद्र आण. ताऱ्यांना उठव. जरा दमानं. पुरे आता. काम करणाऱ्याला समोर उभे करून सांगावे तशी.

“आत्या, तुम्ही याला अरे-तुरे करत होता?” बायकोने विचारले.

आत्याने खांदे उडवले. यंत्राला अहो-जाहो करणारे लोक तिला बहुधा संशयास्पद वाटत असावेत.

यानंतर जी चूक झाली ती माझ्यासारख्या शास्त्राच्या माणसालाच सुचू शकते. ज्यांना काहीच पुरवावे लागत नाही अशी कामे मी वेगळी काढायला सांगितली आणि म्हणालो, “वरून खाली एकेक चालवू. प्रत्येकाचा परिणाम पाहू. ही साधी प्रयोगपद्धती आहे.”

“क्रमाने?”

“यादी आहे म्हणजे क्रम आहे.”

बायकोने माझ्याकडे पाहिले, पण चालवले. ‘दिवा लाव’ पहिलेच होते. मुंगळ्याच्या पोटात पांढरा उजेड भरला. मी समाधानाने टिपण करू लागलो. तेवढ्यात आत्या अस्वस्थ झाली. तिने डावा हात वर केला आणि चेहऱ्यासमोर जोरजोरात हलवू लागली.

“ते हे,” ती म्हणाली. “अरे, ते हे, ते हे.”

“उकडतंय का?” मी दार उघडले. तिचा हात थांबेना. मी पाणी आणले. तिने पेला माझ्या हातातून घेऊन शेजारी ठेवला आणि पुन्हा हात हलवला, या वेळी माझ्या तोंडासमोर, आणि नंतर मुंगळ्याकडे. घुमटात जळक्या धुळीचा वास पसरला. खट्ट असा आवाज आला आणि दिवा आपोआप विझला.

बायको यादीवरून बोट खाली नेत गेली. शेवटून दुसरे नाव होते: पंखा सोड.

“दिव्याआधी पंखा,” ती सावकाश म्हणाली. “त्या सांगत होत्या. आणि तू त्यांना पाणी पाजत होतास.”

त्या जातीचा दिवा आता कोठे तयार होत नाही. संरक्षक कळ वेळेवर पडली नसती तर शनिवारपर्यंत थांबण्याचे कारण उरले नसते. आम्ही यंत्र निवण्याची वाट पाहत बसलो. आत्या माझ्याकडे पाहत नव्हती, आणि हे तिला वाचा गेल्यावरही उत्तम जमते.

“यादीला क्रम नसतो,” बायको मला समजावत होती, रागावून नव्हे, रुग्णाच्या नातेवाइकाला सांगावे तशी. “वस्तूला काय येतं ते कळलं. काय आधी, काय नंतर, ते तिला विचारून नाही कळत. ते बटणांच्या पडद्यात होतं, आणि तो गेला.” मग आत्याकडे वळून, “खरं तर पंखा चालू आहे का हे दिव्याने स्वतःच तपासायला हवं होतं, आत्या.”

आत्याने तिच्याकडे असे पाहिले की ती म्हणाली, “बरं, राहिलं.”

क्रम आता एकाच ठिकाणी उरला होता आणि ते ठिकाण खुर्चीत बसून चपलेच्या टोकाने जमीन ठोकत होते.

तेव्हा मी माझी प्रयोगपद्धती आवरली. बायको एकेक नाव मोठ्याने वाचू लागली आणि मी विचारू लागलो, “हे आधी का ते?” आत्या मान हलवून उत्तर देई. होकार लहान असे, नकार दणदणीत. स्वतःची नावे दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिचा चेहरा बदलत होता, हे मी पाहिले; त्याचा अर्थ लावला नाही. ‘चंद्र आण’ला एक संख्या हवी होती, पण कसली ते वस्तू सांगत नव्हती. मी तिथी म्हणालो, बायको कोन म्हणाली. आत्याने आम्हा दोघांनाही नापास केले आणि हवेत कोर काढून ती हळूहळू जाड केली. चंद्राचा उजळलेला भाग. बरोबर निघाले.

दिवेलागणीपर्यंत संध्याकाळ जवळजवळ जुळली. पण सूर्य मावळवला की घुमट एकदम काळाठिक्कर पडत होता, आणि तसा तो कधी पडत नसे हे मला पक्के आठवत होते. पूर्वी पश्चिमेच्या कडेला थोडा उजेड रेंगाळत राही. मी यंत्राच्या वार्षिक अहवालात हा दोष दरवर्षी न चुकता लिहिला होता: ‘पश्चिमेच्या दिव्याच्या नियंत्रकात घर्षण, मावळती शेवटी अडखळते.’ आणि आत्या त्याखाली दरवर्षी लिहीत असे: ‘निरीक्षण बरोबर. निदान चूक.’ विचारले तर म्हणे, “शोध की. तू शास्त्रज्ञ ना?”

“म्हणजे ते घर्षण नव्हतं,” मी म्हणालो. “घर्षण संगणक बदलल्याने जात नाही.”

“मग ते कोणीतरी चालवत असणार,” बायको म्हणाली. “आपण फक्त बाहेरच्यांसाठी असलेली नावं विचारली. खाजगीही असतात, वस्तूने स्वतःपुरती ठेवलेली. ती बाहेरून कोणी सांगायची नसतात.”

“मग आपल्याला कशी सांगता येतील?”

“दार लोटलेलं असतं, कुलूप नसतं. परवानगी मागायची, बहुतेक वेळा मिळते.” तिने आत्याकडे पाहिले. “मागू का?”

आत्याने आधी मुंगळ्याकडे पाहिले. मग मान हलवली. लहान होकार.

खाजगी नावे थोडीच होती. त्यांतले एक होते: शंकासुरासाठी.

शंकासुर हे माझे नाव. कागदोपत्री नव्हे, आत्याच्या तोंडी. लहानपणी मी प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून’ विचारत असे म्हणून तिने ते ठेवले होते, आणि झटका आल्यापासून मी ते ऐकले नव्हते.

“चालव,” मी म्हणालो.

पश्चिमेच्या कडेला, घुमट जिथे भिंतीला टेकतो तिथे, राखेखालच्या निखाऱ्यासारखा उजेड उमटला. तो इतका मंद होता की त्यात वाचता आले नसते. पण खुर्च्यांच्या पाठी दिसत होत्या, दार दिसत होते, शेजारच्या माणसाचा हात दिसत होता. मग तो अगदी सावकाश विझला.

“कळलं का हे काय आहे ते?” बायकोने विचारले.

कळले होते. शाळेच्या सुट्टीत आत्या मला इथे घेऊन येत असे. मला अंधाराची भीती वाटते असे मी कधीही कबूल केले नाही. मी फक्त विचारत असे, “दिवे गेल्यावर खुर्ची इथेच असते कशावरून? तू इथेच असतेस कशावरून?” तिने उत्तर दिल्याचे मला आठवत नाही. काही दिवसांनी मी विचारणे सोडले, आणि याचे श्रेय मी माझ्या वाढत्या वयाला दिले होते.

“जुन्या पडद्याला हे नाव ठाऊक होतं, दार लोटायची परवानगीही होती,” मी म्हणालो. “सूर्य मावळवला की तो हे चालवत असणार. बटण तेवढं नव्हतं.”

“बटण कशाला?” बायको म्हणाली. “तू दाबायचा होतास थोडाच?”

आत्या माझ्याकडे पाहत होती. दुपारनंतर पहिल्यांदाच.

शनिवारी संचालक आले आणि पहिल्या रांगेत बसले. बायको संगणकापाशी होती, आत्या तिच्या शेजारी. प्रत्येक कामाआधी बायको हात कळेवर ठेवून थांबे आणि आत्याची मान हलली की दाबे. पंखा. दिवा. सूर्य खाली उतरला, पश्चिम तांबूस झाली, काळवंडली. मी ठरल्याप्रमाणे गप्प होतो. मग कडेवर तो निखारा उमटला आणि तिथेच राहिला.

“हे अडकलं का?” अंधारातून संचालकांनी विचारले.

या प्रश्नाचे माझे उत्तर वर्षानुवर्षे तयार होते. मी तोंड उघडले, पण त्याआधी मागून आवाज आला.

“नाही,” आत्या म्हणाली. हा शब्द तिला येतो. त्यात नवल नाही. मग ती थांबली. तो उजेड असेपर्यंतच तिला वेळ होता आणि तिला ते आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त नेमके ठाऊक होते. बायकोने मदत केली नाही, मीही केली नाही. “शंका,” ती म्हणाली. श्वास घेतला. “शंकासुर.” आणि तिने माझ्याकडे बोट दाखवले. बोट मला दिसले, कारण तेवढा उजेड होता.

“कसली शंका?” संचालकांनी विचारले.

“काही नाही, सर,” मी म्हणालो. “हे असंच असतं. दोष नाही.”

उजेड विझला. बायकोने ताऱ्यांना उठवले. संचालक मान मागे टाकून पाहत राहिले आणि दिवे लागल्यावरही लगेच उठले नाहीत. मग उठून मुंगळ्याभोवती एक फेरी मारली. “सोमवारच्या माणसांना मी नको म्हणून सांगतो,” ते म्हणाले, आणि आत्यासमोर थोडे वाकून, “बाई, संध्याकाळच्या शेवटची ती उजेडाची कड फार छान. तेवढी तशीच ठेवा.” आत्याने मोठेपणाने मान डोलावली, जणू बदलण्याचा विचार चालू होता.

यातून काही सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. एक नाव, एकदा, एका माणसाबाबत. एवढ्यावर आलेख वळत नाही. मंगळवारी वाचा-उपचाराच्या बाई आल्या. त्यांनी कप दाखवला. “ते हे,” आत्या म्हणाली. चष्मा, किल्ली, खिडकी, सगळी ते हे. शेवटी त्यांनी माझ्याकडे बोट केले आणि विचारले, “आणि हे कोण?”

“शंकासुर,” आत्या म्हणाली, न अडखळता.

बाईंनी सहानुभूतीने माझ्याकडे पाहिले आणि कागदावर लिहिले की नाव घेण्याचा प्रयत्न केला, पण नाव चुकले.

“बाई,” मी म्हणालो, “निरीक्षण बरोबर आहे. निदान—”

माझे वाक्य पुरे व्हायच्या आतच आत्या हसू लागली होती.