फॅन बंद करा!

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे, आणि मी चिडलेला आहे. छताला टांगलेल्याने चिडून करायचं काय, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मला पाय आपटता येत नाहीत, दार आपटता येत नाही. नुसतं गोल फिरता येतं, तेही दुसऱ्या कुणी बटण दाबलं तर. म्हणून म्हटलं, निदान तुमच्याशी बोलून मोकळं व्हावं.

मला सगळे फॅन म्हणतात. गाण्याबजावण्यावर जीव टाकणाऱ्या माणसालाही लोक फॅनच म्हणतात. आमच्या खोलीत असे दोन फॅन. एक मी, छताला. दुसरे खाली खुर्चीवर बसणारे इस्त्रीवाले काका. आम्हा दोघांना एकच वेड होतं, आणि तरी आमचं कधी जमलं नाही. जमलं तेव्हा फार उशीर झाला होता. माझा राग आहे तो या उशिरावर.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोटात तांब्याची तार गुंडाळली, तिन्ही पाती तोलून बसवली, वरून सायीसारखा रंग दिला. तपासणाऱ्या बाईंनी मला फिरवून जवळ कान आणला आणि माझ्या डोक्यावर एक कागदी चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'आवाज नाही'. ती चिठ्ठी अजून आहे. मध्ये बरीच वर्षं धुळीखाली होती म्हणून कुणाला दिसली नाही, एवढंच.

खोक्यातून निघालो तो थेट एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आलो. दुकान खाली आणि त्याच्यावर एक लांबट खोली. दुकानाच्या मालकीणबाईंनी त्या खोलीत दर रविवारी सकाळी मैफल ठेवायला सुरुवात केली होती. साठ खुर्च्या आणि वीतभर उंचीचा लाकडी मंच. पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय पसरले तर ते वाजवणाऱ्याच्या पायांना लागायचे. माइक नाही, लाऊडस्पीकर नाही. गाणारीने श्वास घेतला तरी मागच्या भिंतीपर्यंत कळायचं. समोरच गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं, त्यामुळे खिडक्या बंद ठेवाव्या लागायच्या. बंद खोलीत साठ माणसं बसली की काय होतं ते मी सांगायला नको. म्हणून तर मला आणलं होतं.

पहिली काही वर्षं माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! लोक आत येत, मान वर करत आणि "वा!" म्हणत. मी चालायचो आणि कुणाला कळायचंही नाही. मलाही सगळं ऐकू यायचं. पण तेव्हा मी अडाणी होतो. सूर आणि गॅरेजचा हातोडा यांतला फरकही मला कळत नव्हता. कळायला लागला तो इस्त्रीवाल्या काकांमुळे.

काका पहिल्यांदा आले ते मंचावरचा पडदा इस्त्री करून द्यायला. वर येऊन पाहतात तो एक बासरीवाला सराव करत होता. काका गठ्ठा हातात धरून तसेच उभे राहिले. मालकीणबाई म्हणाल्या, "ठेवा की तो खाली." काका म्हणाले, "थांबा हो, मध्येच काय ठेवा!" सराव संपेपर्यंत त्यांनी गठ्ठा खाली ठेवला नाही.

त्यानंतर त्यांचा एक रविवार चुकला नाही. कार्यक्रम दहाला, काका नऊला हजर. रिकाम्या खोलीत बसून समोरच्या रिकाम्या मंचाकडे असे बघायचे, जसं काही सुरूच झालं आहे. त्यांचा ताल नेहमी अर्ध्या मात्रेने चुकायचा, पण मान मात्र बरोबर जागी हलायची, आणि ती बघत बघतच मी सूर ओळखायला शिकलो. दुकानात शर्ट इस्त्री करता करता ते गिऱ्हाइकांना कालची मैफल गाऊन दाखवायचे. त्या नादात दोन कॉलर आणि एक लग्नाचा सदरा जळला. गल्लीतले लोक सोमवारी त्यांच्याकडे कपडे टाकेनासे झाले. काका मालकीणबाईंना अभिमानाने सांगायचे, "सोमवारी आपल्याला सुट्टीच असते."

वर्षातून एकदा एक व्हायोलिनवाल्या बाई यायच्या. त्या त्यांच्या मैफलीचा शेवट एकाच सुराने करत. तो सूर बारीक बारीक होत जायचा, इतका, की वाजतो आहे की संपला हे सांगता येऊ नये. मोठ्या सभागृहात तो पहिल्या दोन रांगांतच विरायचा. आमच्या खोलीत तो शेवटपर्यंत ऐकता येईल, असं काका म्हणायचे. पण दर खेपेला कुणीतरी घाईने टाळी वाजवायचं, आणि काका असे वळून बघायचे की त्या माणसाला आपले हात खिशात घालावेसे वाटायचे.

आणि नेमकं याच सुमारास माझं बेअरिंग कोरडं पडायला लागलं.

आधी नुसती कुरकुर, मग कुर्र-खट, कुर्र-खट. मित्रांनो, मला फक्त दोन थेंब तेल हवं होतं. मी ते माझ्या भाषेत रोज मागत होतो. मालकीणबाई दिवसभर दुसऱ्यांच्या वाद्यांच्या खुंट्या पिळत बसायच्या, तारा बदलायच्या, आणि वर आल्या की कानात तेल घालून बसायच्या. माझ्या बेअरिंगमधलं तेल त्यांनी आपल्या कानात घातलं होतं!

मग भांडणं सुरू झाली. सहाव्या रांगेत एक गृहस्थ बसत. खांद्यावर कायम टॉवेल, म्हणून सगळे त्यांना टॉवेलकाका म्हणत. त्यांना घाम फार. मंचावर सूर जरा हळू झाला की इस्त्रीवाले काका उठायचे, "फॅन बंद करा!" पाच मिनिटांनी सहाव्या रांगेतून आवाज, "अहो, फॅन लावा, उकडून जीव चाललाय!"

"हे उकडणं? या एकदा माझ्या दुकानात!"

"मला इस्त्री करून घ्यायची नाहीये!"

खोली हसायची, मंचावरचा माणूसही हसायचा आणि गाणं तिथेच सांडायचं. साठ माणसांत लावायचा की बंद करायचा यावर एवढा वाद, पण याला तेल घालू या असं एकाच्याही मनात येऊ नये? शिकलेली माणसं होती हो सगळी!

माझं तर फारच वाईट चाललं होतं. मी फिरत असलो की मला माझीच घरघर ऐकू यायची. बंद झालो की गाणं. म्हणजे मला बंद करा म्हणून ओरडणारा माणूसच माझा खरा मित्र होता, आणि तोच माझ्याकडे दात-ओठ खाऊन बघायचा. किती वर्षं झाली, एकही मैफल मी सलग ऐकली नाही. सगळे तुकडे. तो व्हायोलिनचा शेवटचा सूर तर कधीच नाही. तो सुरू झाला की टॉवेलकाकांचा संयम संपलेला असायचा.

हळूहळू इस्त्रीवाले काका आणखी चिडचिडे झाले. चौथ्या रांगेतून ते तिसऱ्या रांगेत आले, मग दुसऱ्या. माझ्यावरचे आरोप वाढले. "हा दर आठवड्याला जास्त ओरडतो," म्हणायचे. मला राग यायचा. मी ओरडत होतो हे कबूल, पण दर आठवड्याला जास्त नाही. मी माझा आवाज ओळखतो.

मग तो थंडीतला रविवार आला. व्हायोलिनवाल्या बाई वाजवत होत्या. टॉवेलकाकांनीसुद्धा स्वेटर घातला होता. बाईंनी शेवटचा सूर धरला, खोली गप्प झाली, आणि पहिल्या रांगेतून इस्त्रीवाले काका उठून ओरडले, "अरे, किती वेळा सांगायचं! तो फॅन बंद करा!"

मी बंदच होतो. सकाळपासून कुणी मला लावलंच नव्हतं.

कुणीतरी फिस्कन हसलं. बाईंचा हात थांबला. काकांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. माझी तिन्ही पाती स्थिर होती. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे मागितलं, की मला आत्ता जरा फिरू दे, मोठ्याने घरघरू दे. पण बटण दाबल्याशिवाय मला हलता येत नाही. काका खाली बसले नाहीत. चपला शोधत शोधत जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारी त्यांची लेक वर आली. मालकीणबाईंना म्हणाली, "बाबा येणार नाहीत आता. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. ती घरघर त्यांच्या कानातच आहे. बारीक आवाज येईनासे झालेत, अजून कमी होणार म्हणाले."

"मग ते मशीन मिळतं ना कानाचं?"

"घेतलं की. म्हणतात, त्यातून सगळं पत्र्याचे डबे वाजवल्यासारखं येतं. गाणं ऐकेन तर नुसत्या कानाने, नाहीतर नको."

टॉवेलकाका मागे उभे होते. त्या दिवसापासून ते पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीवर आपला टॉवेल टाकून ठेवायचे, कुणी बसू नये म्हणून. स्वतः मात्र बाहीने घाम पुसत बसायचे.

चार महिने गेले. उन्हाळा पेटला होता. व्हायोलिनवाल्या बाई मागच्या खेपेला अर्धवट राहिलेली मैफल पुरी करायला येणार, अशी पाटी दारावर लागली. आदल्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. इस्त्रीवाले काका! एका हातात शेजारच्या शिंप्याची शिडी, दुसऱ्यात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. मालकीणबाईंनी धावत येऊन शिडी धरली.

काका माझ्याजवळ आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इतक्या जवळ. खिशातल्या फडक्याने त्यांनी माझं डोकं पुसलं आणि ती चिठ्ठी त्यांना दिसली. त्यांनी ती मोठ्याने वाचली, "आवाज नाही." मग चिठ्ठीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"काय झालं?" खालून मालकीणबाईंनी विचारलं. त्यांना दोनदा विचारावं लागलं.

"काही नाही. डॉक्टर म्हणाले, माझ्या कानात तेल घालून उपयोग नाही. म्हटलं, याला घालून बघू."

दोन थेंब. मित्रांनो, खरोखर दोनच थेंब! काकांनी पातं हाताने ढकललं आणि मी फिरलो. कुर्र नाही, खट नाही. मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या ओरडून म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हे का नाही सुचलं हो आपल्याला?"

"मी बंद करायला सांगण्यात गुंतलो होतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यापासून फिरत होतो आणि पहिल्यापासून ऐकत होतो. टॉवेलकाका गप्प, सगळी खोली गप्प. काका आपल्या खुर्चीत पुढे झुकून बसले होते, हाताचा पंजा कानामागे धरून. नजर बाईंच्या व्हायोलिनच्या गजावर होती. शेवटी तो सूर आला. बारीक झाला. आणखी बारीक झाला. आता तो कुठे संपतो ते मला कळणार होतं.

तेवढ्यात टाळी वाजली.

एकच. पहिल्या रांगेतून. इस्त्रीवाले काका उभे राहून टाळ्या वाजवत होते. गज अजून तारेवर होता, सूर अजून जिवंत होता. त्यांच्यासाठी तो संपला होता.

या वेळी कुणी हसलं नाही. एक क्षण ती टाळी एकटीच वाजली. मग सहाव्या रांगेत टॉवेलकाका उठले आणि जोरात टाळ्या वाजवू लागले. मग मालकीणबाई, मग सगळी खोली. बाईंनी गज उचलला आणि काकांकडे बघून मान लववली.

काका वळून सगळ्यांना सांगत होते, "शेवटपर्यंत ऐकला हो! पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला!"

त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मीही फिरत राहिलो.

तो सूर कुठे संपतो ते मला अजून माहीत नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि त्याहून जास्त राग येतो. हे तेल दहा वर्षांपूर्वी पडलं असतं तर आम्ही दोघा फॅननी तो सूर मिळून ऐकला असता. तेव्हा मित्रांनो, घरात काही कुरकुरत असेल, वस्तू असो की माणूस, तर नुसतं बंद करा, बंद करा म्हणून ओरडू नका. जवळ जा, त्याला काय हवं आहे ते बघा, आणि आजच बघा. दुसरं म्हणजे, मैफलीला गेलात तर सूर पुरता विरेपर्यंत टाळी वाजवू नका. वर छताला कुणीतरी ऐकत असतं.

पहिल्या रांगेतून एखादे म्हातारे काका मात्र आधीच टाळी वाजवू लागले, तर त्यांच्याकडे वळून बघू नका. त्यांच्या टाळीत तुमची टाळी मिसळा.