शेजारची सीट

नवऱ्याला ‘सर’ म्हणणारी बायको तुम्ही पाहिली नसेल, तर वहिनींना बघा. ड्रायव्हिंग स्कूल नवऱ्याचं, शिकायला येणारा प्रत्येक जण त्याला सर म्हणणार, आणि ऑफिसच्या टेबलाशी बसून बसून वहिनींच्याही तोंडात तेच बसलं. सरांची बायको म्हणून सगळे त्यांना वहिनी म्हणतात, अगदी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे शिकाऊसुद्धा. तर या वहिनी एरवी कधी आवाज चढवत नाहीत. त्या रविवारी मात्र त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि का होऊ नये? ऐका तर खरं.

सर बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवतात. स्कूलच्या गाडीत त्या सीटच्या पायाशी वेगळा क्लच असतो, वेगळा ब्रेक असतो. ॲक्सिलरेटर नसतो. शिकवणाऱ्याने गाडी पळवायची नसते, वेळ आली की थांबवायची असते. सरांचा तो पाय सदा ब्रेकवर. शिकाऊ जरा चुकला की कचकन ब्रेक, मग ठरलेलं वाक्य, “आरसा बघितला नाही. पुन्हा सुरू कर.” सर तसे वाईट नाहीत. पण बावीस वर्षं दुसऱ्याच्या चुका काढून माणसाला आपल्या चुका दिसेनाशा होतात, तसं त्यांचं झालेलं.

सकाळच्या बॅचला आठ बायका येतात. त्या कधीपासून म्हणत होत्या, शिकवायला बाई असती तर बरं झालं असतं, सर ब्रेक मारतात तेव्हा काळीज तोंडात येतं. वहिनींनी हे ऐकलं. गेल्या वर्षी गुपचूप अभ्यास करून त्यांनी शिकवण्याच्या परवान्याची परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाल्या. प्रमाणपत्र घरी आलं. सरांनी वाचलं, “छान,” म्हणाले, आणि ऑफिसच्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवून दिलं. वर्ष झालं, ते अजून तिथेच आहे. का, तर म्हणे वहिनींना गाडीचं जजमेंट नाही. आता या बाईकडे रोज संध्याकाळी काय काम असतं ठाऊक आहे? स्कूलच्या तिन्ही गाड्या त्या चिंचोळ्या गल्लीत उलट्या नेऊन भिंतीला लावायच्या. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. आजवर एकीलाही ओरखडा नाही. पण जजमेंट नाही.

लेकीची परीक्षा संपली म्हणून त्या रविवारी सगळे गो-कार्टिंगला गेले. सर, वहिनी, लेक आणि सरांची धाकटी बहीण, म्हणजे वहिनींची नणंद. जुन्या गोदामाच्या आत केलेला ट्रॅक, छप्पर उंच, वळणावळणावर टायरांच्या भिंती, जळक्या रबराचा वास. जमिनीला टेकलेल्या छोट्या गाड्या, त्यांत बसायचं आणि आठ फेऱ्या मारायच्या. सरांनी आत पाऊल टाकलं तेच परीक्षकासारखं. वळणं बघून मान हलवली, ब्रेकच्या खुणा बघून चुकचुकले. नणंदेची मान धरली होती, ती वरच्या गॅलरीत पिशव्या घेऊन बसली.

हेल्मेटच्या रांगेत लेक म्हणाली, “बाबा, आई तुम्हाला हरवेल बघा.”

सर हसले. इतके हसले की पुढचे दोघे मागे वळून बघायला लागले. मग वहिनींना म्हणाले, “इथे तू माझ्या पुढे आलीस ना, तर सोमवारपासून बायकांची बॅच तुझी. तू शेजारच्या सीटवर, मी ऑफिसात.”

“दादा, शब्द हं,” नणंद वरूनच ओरडली.

“दिला,” सर म्हणाले.

वहिनींनी हेल्मेटचा पट्टा घट्ट ओढला. लोकांना तो खेळ होता, त्यांना नव्हता. वर्षभर त्या खालच्या खणाशेजारी गुडघा टेकवून बसल्या होत्या.

काउंटरवरच्या बाईने नावं लिहून गाड्या वाटल्या. सरांना चार, वहिनींना नऊ, लेकीला दोन. चार नंबरची सीट इतकी पुढे, की सरांचे गुडघे थेट हनुवटीला. ते उठले, वहिनींना म्हणाले, “तू ये इकडे, मी नऊमध्ये बसतो.”

“मग काउंटरवर सांगायला हवं,” वहिनी म्हणाल्या. “वेळ गाडीच्या नंबरावर लागते. पाटी आहे तिथे.”

“अगं, काही होत नाही. बस पटकन.”

हे कोण म्हणतंय? ज्या माणसाचा नियम आहे की रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहून सही केल्याशिवाय कुणी दारालासुद्धा हात लावायचा नाही. एका रिटायर हेडमास्तरांना, ते सही विसरले म्हणून, बेल्ट सोडून खाली उतरवलं होतं या गृहस्थांनी. आणि आज काही होत नाही.

वहिनी चारमध्ये बसल्या, सर नऊमध्ये, हिरवा दिवा लागला आणि गाड्या सुटल्या. पुढे जे झालं ते नणंदेने वरून पाहिलं, आणि ती अजून सांगताना पोट धरून हसते. सरांचा पाय. बावीस वर्षं ॲक्सिलरेटर नसलेल्या जागी बसलेला तो पाय, त्याला एकच गोष्ट ठाऊक. वळण आलं की ब्रेक. वळण दुरून दिसलं तरी ब्रेक. शेजारून कुणी गेलं तरी ब्रेक. दुसऱ्याच फेरीत झेंडेवाल्याने त्यांना निळा झेंडा दाखवला. त्याचा अर्थ, मागून वेगाचा माणूस येतोय, वाट द्या. सरांना वाटलं कौतुक करतोय. त्यांनी हात हलवला. हात हलवता हलवता तिसऱ्या फेरीत गेले ते थेट टायरांच्या भिंतीत. झेंडेवाला पळत आला, गाडी ओढून बाहेर काढली, तोवर सगळं जग त्यांच्या शेजारून दोनदा निघून गेलं.

आणि वहिनी? वहिनी पहिली फेरी नीट बघून गेल्या. गल्लीत गाडी लावताना बघतात तशा, दोन्हीकडचं अंतर डोळ्यांत ठेवून. मग दुसऱ्या फेरीपासून त्यांनी पाय दाबला. वळणाच्या आधी सरळ रेषेत वेग कमी करायचा, वळणात गाडीला आपलं आपण वळू द्यायचं, बाहेर पडताना सोडायची. त्यांनी सरांना तीनदा मागे टाकलं. आठवी फेरी संपली तेव्हा हेल्मेटच्या आत त्यांना हसू फुटलेलं होतं. किती वर्षांनी गाडी पुढे नेताना शेजारून कुणी ब्रेक मारला नव्हता.

बाहेर येऊन सगळे भिंतीवरच्या फळ्याखाली उभे राहिले. नावं उजळली. पहिल्या नंबरावर सर, दुसऱ्यावर लेक. वहिनी तळाला, शेवटून पहिल्या.

सरांनी फळा वाचला. मग वळून वहिनींकडे बघितलं. एकच क्षण. वहिनींनी तो क्षण नीट पाहिला. सरांना कळलं होतं. ज्याला स्वतःला टायरांतून ओढून काढलंय, त्याला आपण पहिले आलो नाही हे कळणार नाही का? वहिनी थांबल्या, आता सर हसतील, आता म्हणतील की अरे, गाड्या बदलल्या होत्या आमच्या.

तेवढ्यात मागून हाक आली. “सर, तुम्हीच? अभिनंदन.” सकाळच्या बॅचची दाताची डॉक्टर होती, आपल्या दोन मुलांना घेऊन आलेली. तिने टाळ्या वाजवल्या, तिच्या मुलांनी वाजवल्या, शेजारच्या चार अनोळखी माणसांनीही वाजवल्या.

आणि सरांनी त्या घेतल्या. मान किंचित लववून, साळसूदपणे. म्हणाले, “सवय असते हो हाताला.”

अहो, इथे तरी थांबायचं. नाही. कॉफीच्या टेबलाशी बसल्यावर सरांनी डॉक्टरीणबाईंना वळण कसं घ्यायचं ते समजावून सांगितलं, कागदी रुमालावर पेनाने काढून. ब्रेक कुठे, सोडायचा कुठे. चुकीचंच काढलं, पण काढलं. मग वहिनींच्या पाठीवर थोपटून म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नकोस. सरावाने येतं.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते वहिनींना त्या थोपटण्याने कळलं. सर ‘हरलो’ म्हणाले असते, हसले असते, तर वहिनींनी बॅचचा विषयसुद्धा घरी जाऊन हळूच काढला असता. पण हे? ज्या हाताने प्रमाणपत्र खणात टाकलं, त्याच हाताने आता पाठ थोपटायची? वर आणि धीर द्यायचा? त्या उठल्या. कॉफी तशीच राहिली.

काउंटरवरच्या बाईकडे त्यांनी प्रत्येक फेरीची वेळ असलेला कागद मागितला. तिने दोन्ही नावांचा छापून दिला. वहिनींनी तो टेबलावर आणून सरांच्या रुमालाशेजारी ठेवला. आवाज अगदी शांत होता, आणि लेक नंतर म्हणाली की त्या शांतपणाचीच भीती वाटली.

“सर, तिसऱ्या फेरीत टायरांत कोण गेलं होतं?”

सर कागदाकडे बघत राहिले.

“माझ्या नावापुढे तिसरी फेरी एक मिनिट बारा सेकंदांची आहे,” वहिनी म्हणाल्या. “बाकीच्या चाळिशीच्या आसपास. मी तर कुठे अडकले नव्हते.”

“दादा, तूच की अडकला होतास,” नणंद म्हणाली. “मी वरून बघून हसत होते.”

“अरे हो,” सर म्हणाले. “गाड्या बदलल्या नाही का आपण. माझ्या लक्षातच आलं नाही.”

“आलं. फळा वाचून तुम्ही माझ्याकडे बघितलंत.”

“बरं, असेल. चारचौघांत कशाला आता? घरी बोलू.”

“टाळ्या चारचौघांतच घेतल्यात.”

“अगं, खेळ आहे. इतकं काय मनाला लावून घ्यायचं?”

“खेळाचं मला काही नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज फुटला. “टाळ्याही ठेवा तुम्हाला. पण वर्षभर मला सांगताय की मला जजमेंट नाही, आणि मी ते खरं मानत आले. रोज तीन गाड्या भिंतीला लावते आणि तरी खरं मानत आले. आज माझीच वेळ स्वतःच्या नावावर घेऊन मला सराव करायला सांगता. लाज नाही वाटली?”

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून घेतला, दोन्ही रकाने बोट ठेवून वाचले. दात बघताना वाचतात तसे, घाई न करता. मग म्हणाल्या, “म्हणजे सर, सोमवारी माझ्या शेजारी कोण बसणार?”

“बघू,” सर म्हणाले.

बाहेर स्कूलचीच गाडी उभी होती, छपरावर पाटी लावलेली. तिच्याशी येईपर्यंत सरांनी मनाशी काहीतरी ठरवलं असावं. खिशातून चावी काढून त्यांनी मोठ्या मनाने पुढे केली. “घे. घरी तू चालव. झालं समाधान?”

वहिनींनी चावीकडे बघितलं. घेतली नाही.

“पैज चावीची नव्हती,” त्या म्हणाल्या. आणि गाडीला वळसा घालून, शेजारचं दार उघडून त्या सीटवर जाऊन बसल्या. सीट पुढे ओढली. पाय ब्रेकवर ठेवून बघितला. पुरत होता.

मागे लेक आणि नणंद जाऊन बसल्या. सर थोडा वेळ बाहेर उभे राहिले, मग नाइलाजाने स्टिअरिंगमागे आले. वहिनींनी समोरच्या कप्प्यातून रजिस्टर काढलं. गाडीचा नंबर लिहिला. शिकवणाऱ्याच्या रकान्यात बावीस वर्षं एकच नाव होतं. त्याखाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण. मग रजिस्टर आणि पेन सरांच्या मांडीवर ठेवलं.

“सही.”

“अगं...”

“सहीशिवाय गाडी हलत नाही. नियम आहे.”

सरांनी सही केली. नावाच्या रकान्यात जिथे शिकाऊ करतात, तिथेच. मग तोंड वाकडं करून, रागाच्या भरात त्यांनी चावी फिरवली, गिअर मागे टाकला आणि गाडी सोडली.

कचकन ब्रेक लागला. गाडी बंद पडली, नणंदेच्या मांडीवरची पिशवी खाली गेली, आणि पाठीमागून एक सायकलवाली, टोपलीत भाजी आणि पुढे लहान मूल बसवलेली, आपल्याला काही झालं असतं याची कल्पनाही नसताना निघून गेली.

सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून वहिनींच्या पायाकडे बघितलं. तो अजून ब्रेकवरच होता.

“आरसा बघितला नाही,” वहिनी म्हणाल्या. “पुन्हा सुरू करा.”