मिस लुएला मागे बसत नाही

मी एक छत्री बोलतेय. काळी, लांब दांड्याची आणि खरं सांगायचं तर जरा भांडखोर. आमच्या घराचं वळणच तसं आहे.

माझा जन्म १९०४ सालचा, गाव अमेरिकेतलं रिचमंड. त्या वर्षी ट्राम कंपनीनं ठरवलं, गोऱ्यांनी पुढे बसायचं, काळ्यांनी मागे. काळ्या वस्तीनं ट्रामवर बहिष्कार घातला आणि सगळे पायी निघाले. लुएलाच्या आईनं तेव्हाच मला विकत घेतलं. रिकामी ट्राम शेजारून खडखडत गेली, की ती मला मुद्दाम उंच धरायची. चिमुकली लुएला माझ्याखाली धावत असायची. फार मजा यायची.

आई गेल्यावर मी लुएलाकडे आले. मग बरीच वर्षं कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे काढली. ते दिवस न आठवलेले बरे.

१९८४चा नोव्हेंबर. मतदानाचा दिवस आणि धो धो पाऊस. मिस लुएला नव्वदीला टेकलेली, केंद्र लांब, आणि सातला दारं बंद होणार. शेजारचे डॉक्टर चारुदत्त तिला न्यायला आले आणि त्यांनी अदबीनं मागचं दार उघडलं. पुढे नागपूरहून आलेले त्यांचे वडील, पुरुषोत्तमराव, ऐटीत बसले होते. घरातल्या वडीलधाऱ्यानं पुढे बसायचं, ही त्यांच्याकडची रीत.

मिस लुएलानं मागच्या सीटकडे पाहिलं, मला उघडलं आणि चालू लागली.

चारुदत्तांची गाडी मुंगीच्या पावलानं आमच्याबरोबर. मागे जागा जास्त आहे, असं ते काच खाली करून विनवत होते. पाठीमागचे हॉर्न वाजवून बेजार. वाऱ्यानं माझ्या काड्या मोडल्या, तिला धाप लागली. मत हुकलं असतं तर तिला ते सोसलं नसतं, म्हणून मी घाबरले.

शेवटी ती थांबली. "मागेच बसायचं असतं, तर माझी आई ट्रामनंच गेली असती," ती म्हणाली आणि भर पावसात तिनं सगळी हकीकत सांगितली.

चारुदत्त ओशाळले. त्यांनी वडिलांना सगळं मराठीत समजावलं. "बाबा, तुम्ही प्लीज मागे शिफ्ट होता का?"

पुरुषोत्तमरावांनी आधी तिचं वय विचारायला लावलं. ऐकलं आणि चटकन खाली उतरले. भिजत उभं राहून त्यांनी पुढचं दार धरलं. "या मावशी, बसा," ते म्हणाले.

दारं बंद व्हायच्या आत तिनं मत दिलं. आता दर रविवारी ती त्याच गाडीत, पुढे बसून चर्चला जाते.

आणि मी? ओली म्हणून त्या संध्याकाळी मला मागे, पुरुषोत्तमरावांच्या पायाशी टाकलं. अजून तिथेच पडलेय. मोडकी म्हणून फेकून द्यायचं तर खुशाल द्या, माझी तक्रार नाही. पण फेकायला नेताना तेवढं पुढच्या सीटवर ठेवा.