ऑर्लंड आजोबांचा हात

वृद्धाश्रमातल्या लोकांची करमणूक करण्याचा मला पगार मिळतो. सकाळी खुर्चीत बसून फुग्याचा व्हॉलीबॉल, दुपारी बिंगो, शुक्रवारी कर्लिंग. कॅनडातल्या आमच्या मॅनिटोबात बर्फाला तोटा नाही, पण आमच्या खेळाडूंना बर्फावर नेणं सोपं, परत आणणं अवघड. म्हणून आम्ही हॉलच्या फरशीवरच खेळतो. चाकं लावलेले दगड काठीने ढकलायचे. पलीकडच्या वर्तुळाच्या मध्याजवळ ज्याचा दगड, त्याला गुण.

त्या शुक्रवारी रस्त्यापलीकडच्या वृद्धाश्रमाचा संघ आला होता. त्यांची कप्तान वेल्मा, आमच्या आर्डिथआजींची धाकटी बहीण. आर्डिथआजींनी तिला जन्मात एकदाही हरवलं नव्हतं.

"मरायच्या आत एकदा," त्या मला म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतो तब्येत ठणठणीत आहे, म्हणजे तशी घाई नाही. पण आजच."

आमचे कप्तान ऑर्लंड आजोबा. आयुष्यभर गावच्या निवडणुका लढवलेला माणूस. समोर चेहरा आला की हात आपसूक पुढे होतो. औषधांच्या गाडीशीही त्यांनी एकदा हस्तांदोलन केलंय.

वेल्माचा शेवटचा दगड बाकी होता आणि तो कुठेही थांबला तरी आम्ही जिंकत होतो. अशा वेळी हरणाऱ्याने जाऊन हात पुढे करायचा; ज्याचा हात आधी पुढे, त्याने सामना सोडला असं धरतात. वेल्मा त्यासाठीच उठून आली. पण ऑर्लंड आजोबांना नुसता चेहरा दिसला.

"नमस्कार! घरचे सगळे बरे ना?" म्हणत त्यांनी आधी हात पुढे केला. वेल्मानेही सवयीने तो धरला.

मग पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हात आपल्याकडून आधी गेला," आर्डिथआजी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "हरलो आपण."

"ताई, वेडी आहेस का? मीच सोडायला आले होते!" वेल्माने त्यांच्यापुढे हात धरला. "घे!"

"सामना संपला. आता हा नुसता हात आहे."

"मग परत सुरू कर तुझा सामना!"

दोन्ही संघांनी मान डोलावली. मी ऑर्लंड आजोबांच्या दोन्ही हातांत एकेक उशी दिली. वेल्माने शेवटचा दगड ढकलला. तो वर्तुळ ओलांडून स्वयंपाकघरात गेला. तिने पुन्हा हात पुढे केला.

आर्डिथआजी तो बराच वेळ गदागदा हलवत राहिल्या. वेल्माचं घड्याळ निसटून कोपराकडे गेलं.

आमच्याकडे जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला काहीतरी प्यायला द्यायचं असतं. आर्डिथआजी माझ्याकडे आल्या.

"एक कॉफी विकत दे."

"आजी, कॉफी फुकट आहे."

"आज नाही."

मी भाव सांगितला, बिंगोच्या चार सोंगट्या.

"लुटतोस की रे," त्या खूश होऊन म्हणाल्या, आणि मला तीनवर आणलं.