सुरकुत्या परत द्या

आमच्या फोटोवाल्याला सगळे ‘इस्त्री’ म्हणतात. फोटोतल्या चेहऱ्यावर त्याचा ब्रश फिरला, की सुरकुती औषधालाही उरत नाही. एकदा त्याने गळक्या धरणाचा फोटो काढला आणि सवयीने भेगा बुजवल्या. त्या दिवसापासून गळती बंद. खोटं वाटत असेल तर धरणाला विचारा. एका आजोबांना तर त्याने इतकं तरुण केलं, की त्यांना दोन स्थळं सांगून आली. त्यातल्या एकाला ते बायकोदेखत म्हणाले, “विचार करून कळवतो.”

आमच्या हिला पंचाहत्तर पूर्ण झाली, तेव्हा फोटोसाठी मी तिला त्याच्याकडेच नेलं. पाकीट घरी आलं, उघडलं, आणि मी खूश! फोटोतली बाई जेमतेम चाळिशीची.

“कोण ही भवानी?” हिने विचारलं.

“अगं, तूच!”

“मी असते तर एवढे डोळे फाडून बघितलं नसतं तुम्ही.”

पायात चपला सरकवून ही तडक दुकानात. मागोमाग मी.

“भाऊ, माझ्या सुरकुत्या परत द्या.”

इस्त्रीने चष्मा कपाळावर चढवला. “वहिनी, बायका इथे रडतात त्या एखादी राहिली म्हणून!”

“रडू देत. आमच्या भिंतीवर माझी आजी, आई, थोरली बहीण ओळीने लागल्यात. तिघींचे केस काळेभोर. पन्नाशी एकीनेही पाहिली नाही. आमच्या घराण्यात म्हातारी झालेली मी पहिलीच बाई. आणि तुम्ही मला परत त्यांच्यात नेऊन बसवता?”

दुकानातला पंखासुद्धा थांबला. वीज गेली होती म्हणा, पण वेळ बघा!

“नवा काढतो,” इस्त्री पुटपुटला.

“त्याच्यावरही हात फिरवाल. माझ्यासमोर ह्याच फोटोत भरा.”

“जन्मात कधी सुरकुती काढली नाही हो, वहिनी. नुसत्या पुसल्या.”

“मी सांगते ना.” ही स्टुलावर बसली. “कपाळावरची ही आडवी, थोरल्याच्या टायफॉइडची. खोल हवी. डोळ्यांच्या कडेला बारीक बारीक, त्या हसण्याच्या. हात आखडू नका.”

“आणि भुवयांमधली ही उभी?”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

“ती जाड काढा,” ही म्हणाली.

संध्याकाळी फोटो भिंतीवर लागला. शेजारी आई अशी दिसत होती, जणू हिचीच लेक. ही बराच वेळ बघत राहिली.

“आई, बघ गं,” हळूच म्हणाली, “तुझ्याहून म्हातारी झाले.”

मी खाली बघून हातोडी पुसू लागलो. हातोडी स्वच्छच होती.

“पुसताय काय? शेजारी अजून एक खिळा ठोका.”

“आता कशाला?”

“ऐंशीचा फोटो काय डोक्यावर लावू?”

मी ठोकला. मग हातासरशी, तिने सांगायची वाट न बघता, त्याच्यापुढे आणखी एक.