बाबांनी बुजवलेली भोकं

पावसाळ्यात गाडीचं दार उघडलं की आत पाणी खळखळायचं. पायाखालचा गालिचा पिळून काढावा इतका ओला, काचांवर आतून वाफ आणि कुबट वास तर विचारूच नका. नर्सबाई ड्युटीवर निघताना सीटवर टॉवेल अंथरायची, तरी पांढरा गणवेश मागून ओला व्हायचाच. वॉर्डातल्या बायका हसायच्या, तीही हसायची. करते काय!

गॅरेजवाल्याने दारांचं रबर बदललं, काचांच्या पट्ट्या बदलल्या. पाणी आपलं येतच राहिलं. "ताई, गाडीचं वय झालं," तो डोकं खाजवत म्हणाला. "आभाळच फाटलंय, ठिगळ कुठं कुठं लावणार?"

घरी बाबांचा जीव मात्र गाडीत अडकलेला. उभा जन्म त्यांनी लोकांचे नळ दुरुस्त केले होते. हल्ली लेकीचं नाव त्यांना कधी आठवायचं, कधी नाही. पण गळती म्हटली की हात शिवशिवायचे. "तू जा कामावर, मी बघतो," म्हणायचे. ती "हो बाबा" म्हणून विषय संपवायची.

सुट्टीच्या दिवशी ती गाडी पुसायला बसली. दाराच्या खालच्या कडेवर फडकं फिरवताना बोटाला काहीतरी टणक लागलं. दारात उतरलेलं पाणी बाहेर पडायला तिथे बारीक भोकं असतात. ती एकूण एक, भेगा भरायच्या लांबीने बुजवलेली. चारही दारांची. वरून अंगठ्याने गुळगुळीत केलेली. हा हात तिच्या ओळखीचा होता.

तिने स्क्रूड्रायव्हरने लांबी खरवडली, तशी पाण्याची धार तिच्या पायांवर पडली.

बाबा पायरीवरून धावत आले. "अगं, गळतंय ते!"

"गळायलाच हवं, बाबा. काचेवरून पाणी दारात उतरतं. त्याला खालून वाट नको का? नाहीतर ते आत चढतं."

बाबांनी वाकून पाहिलं. मान डोलावली. "बरोबर आहे तुझं. कुठल्या गाढवाने बुजवली मग?"

तिने फडकं पिळलं. "असेल कुणीतरी."

लांबीचा डबा तिने कपाटात कुलूपबंद केला. पुढच्या पावसात भोकांत साबण निघाला. साबण लपवला, तर मेणबत्तीचं मेण. ती खरवडत राहिली, ते बुजवत राहिले. रागवावं तर त्यांना आठवत नसे, आणि समजावलं की दरवेळी त्यांना अगदी पटायचं.

एका सकाळी तिने किल्ली फिरवली. नुसतं टक्क झालं. गालिच्याखालच्या वायरींत पाणी शिरलं होतं. वॉर्डात उशीर होणार होता. तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

शेजारचं दार उघडून बाबा आत आले आणि ओल्या सीटवर खुशाल टेकले.

"थांबली ना गळती?"

"थांबली, बाबा."

"मग चल की," ते म्हणाले, आणि समोर रस्त्याकडे बघत वाट पाहू लागले.