गळलेली ओळ

थोरलीच्या हातची प्रत म्हणजे दगडावरची रेघ, असा ख्रिस्ती मंडळीत लौकिक होता. तीस वर्षे धाकटा भाऊ पवित्र शास्त्र मोठ्याने वाची आणि ती चर्मपत्रावर उतरवी. मग वाद पेटला. धाकटा म्हणे, देव जर एकच, तर पुत्राला देव कसे म्हणावे? थोरली म्हणे, देव एकच आहे म्हणूनच पुत्र त्याच्याहून वेगळा नाही. दोघांनी शास्त्रच पुढे केले. अखेर धाकटा अंथरूण गुंडाळून गल्लीपलीकडे राहायला गेला. तेव्हापासून वाचणारीही तीच आणि लिहिणारीही तीच.

चौथ्या महिन्यात मंडळीचे वडील, म्हणजे तिथले पुढारी, तिची प्रत घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, देव एकच आहे असे सांगणारी ओळच इथे नाही. पुत्राची बाजू बळकट व्हावी म्हणून तुम्ही ती मुद्दाम गाळलीत, असे पलीकडचे, तुमच्या भावाच्या मताचे लोक म्हणतात. अशी प्रत जाळावी लागते."

थोरलीने पान मूळ पोथीशी ताडून पाहिले. पोथीत लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दावर संपत होत्या, आणि तिची नजर पहिलीवरून थेट दुसरीच्या शेवटी उतरली होती.

"मी गाळीन? त्या ओळीवर तर माझा जन्म गेला!"

"मला ठाऊक आहे. पण साक्ष कोण देणार?"

वडिलांनी धाकट्यालाच बोलावून आणले. तो उंबऱ्याबाहेर थांबला. पान उजेडाकडे धरून म्हणाला, "ही चूक डोळ्यांची आहे, मनाची नव्हे. कुणी वाचून दाखवले नाही, तर ताई ओळ चुकते. लहानपणापासूनच."

"आणि तू शब्द गिळायचास, ते सांग की!"

"गिळायचो. तुझ्या धाकाने सुटले ते."

"मग वाच आता." तिने पान परत घेतले, मूळ पोथी त्याच्या हाती दिली आणि बोरू दौतीत बुडवला.

त्याने बाहेरूनच ती ओळ वाचली. तिने ती समासात लिहिली.

"पुढचीही वाच."

पुढची ओळ पुत्राच्या महिम्याची होती. धाकट्याने तिच्याकडे न पाहता, एकही शब्द न गिळता, तीही वाचली.

"आत ये. बैस जरा."

"नको, ताई. तू पुत्राची प्रार्थना म्हणशील, आणि मला तिला आमेन म्हणता येणार नाही."

प्रत जळण्यापासून वाचली. वडील ती घेऊन गेले, धाकटाही गेला. थोरलीने नवे पान पुढे ओढले आणि बोरू उचलून सवयीने थांबली. कुणीच काही वाचेना. तेव्हा तिने दार सताड उघडले आणि पुढची ओळ स्वतःच वाचली, गल्लीपलीकडे ऐकू जावी इतक्या खणखणीत आवाजात.